विषुववृत्तावरील दोन बेटे : साओ तोमे व प्रिन्सिपे

आफ्रिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक तर वाळवंट उभे राहते, नाही तर सिंह. आज ज्या देशाविषयी सांगावयाचे आहे, तेथे या दोहोंपैकी काहीच नाही. गिनीच्या आखातात, गाबोनच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, साओ तोमे व प्रिन्सिपे ही ज्वालामुखीतून वर आलेली दोन हिरवीगार बेटे आहेत. दोहोंचे मिळून क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. सेशेल्स सोडल्यास आफ्रिकेत याहून लहान राष्ट्र नाही.

गोमंतकीय श्रोत्यांना या नावाची एक वेगळी ओळख पटेल. साओ तोमे म्हणजे संत थॉमस. ज्यांची कबर मयलापूरला आहे असे आपण मानतो, तेच हे प्रेषित. गोवा आणि साओ तोमे ही दोन्ही धर्मप्रांते १५३४ सालच्या व्यवस्थेत मदैरा बेटावरील फुंशालच्या पीठाशी जोडलेली होती. राज्यकर्तेही एकच. गोव्यातून ते १९६१ साली गेले. साओ तोमे १२ जुलै १९७५ रोजी स्वतंत्र झाला.

पोर्तुगीज गलबते येथे १४७० च्या सुमारास आली, तेव्हा बेटांवर मनुष्यवस्ती नव्हती. म्हणजे आज तेथे भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कोणी तरी आणलेल्या माणसाचा वंशज आहे, आणि त्यांतील बहुतेक स्वखुशीने आलेले नव्हते. प्रथम उसासाठी गुलाम आणले गेले. १५९५ साली आमादोर नावाच्या गुलामाने बंड पुकारले. तो पकडला जाऊन मारला गेला. आज तो राष्ट्रपुरुष मानला जातो. पुढे १८२२ साली ब्राझीलहून कोको आला आणि त्याने बेटांचे रूपच पालटले.

कोकोच्या मळ्याला तेथे 'रोसा' म्हणतात. रोसा म्हणजे नुसती बाग नव्हे. मालकाचा वाडा, मजुरांच्या चाळी, कोको वाळविण्याची आवारे, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, कोठे कोठे छोटी रेल्वेसुद्धा, असे ते स्वतंत्र संस्थानच असे. १८७५ साली गुलामगिरी कायद्याने संपली; पण मग अंगोलाहून 'करारा'चे मजूर आणले जाऊ लागले, आणि करार संपल्यावर घरी परतणारे अगदी विरळा. विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील सर्वांत मोठ्या कोको-उत्पादकांत या बेटांची गणना होत होती. इंग्लंडातील कॅडबरी कंपनीच्या कानावर मजुरांची ही दशा १९०१ सालीच आली होती. तिने तेथील कोको घेणे बंद केले ते १९०९ साली. ही आठ वर्षे मला फार लांब वाटतात.

हे सारे प्रवाशाला सांगण्याचे कारण असे की, तो उतरतो तो बहुधा याच रोसांत. काही वाडे आता सुरेख अतिथिगृहे झाली आहेत. समोरच्या चाळींत मात्र मजुरांची नातवंडे-पणतवंडे अजून राहतात. 'रोसा आगोस्तिन्यो नेतो' येथील रुंद राजमार्ग आणि त्याच्या टोकाचे भग्न इस्पितळ पाहावयास पुष्कळ लोक जातात. तेथे छायाचित्र घेताना लक्षात असू द्यावे की, हे पुराणवस्तुसंग्रहालय नसून कोणाचे तरी अंगण आहे. आधी विचारावे. पोर्तुगीजमध्ये 'बों दिया' एवढे म्हटले तरी माणसे मोकळी होतात.

फर्नाओं दियाशच्या किनाऱ्यावरही अवश्य जावे. मळ्यांवर राबण्यास नकार देणाऱ्या स्थानिक लोकांवर ३ फेब्रुवारी १९५३ पासून गव्हर्नर गोर्गुल्यो याच्या कारकीर्दीत जे अत्याचार झाले, त्यांत शेकडो मेले. धरलेल्यांना याच किनाऱ्यावर कामास जुंपले होते. ३ फेब्रुवारीला तेथे आजही राष्ट्रीय सुट्टी असते.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्याकडून जाणाऱ्यास लिस्बनमार्गे जाणे सोयीचे. प्रवेशपत्र आणि पीतज्वराची लस यांविषयी निघण्यापूर्वी चौकशी करावी, हिवतापापासून जपावे. जून ते सप्टेंबर हे कोरडे महिने. चलन 'दोब्रा', एका युरोस साडेचोवीस असा दर बांधलेला आहे, आणि युरोच्या नोटा जवळ असलेल्या बऱ्या. जेवण कोकणच्या माणसाला परके वाटणार नाही : मासळी, केळी, नीरफणस. 'कालुलू' नावाचे कालवण मासे, पालेभाज्या आणि ताडतेल घालून तासन् तास शिजवितात. घाई केल्यास उत्तर मिळते, 'लेव्ह-लेव्ह', म्हणजे सावकाश. दक्षिणेकडील रोलाश बेटावरून विषुववृत्त जाते; तेथे खूण केलेली आहे.

प्रिन्सिपेला लहान विमानाने जातात. तेथे सुंडी नावाची रोसा आहे. २९ मे १९१९ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी तेथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइन यांचे भाकीत त्यांना पडताळावयाचे होते. त्या सकाळी मुसळधार पाऊस झाला. ग्रहण लागले तरी ढग होतेच. सोळा छायाचित्रे घेतली. त्यांतील दोनच उपयोगी पडली. दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये होती, तिची छायाचित्रे अधिक चांगली आली. दोन्हींच्या मोजमापांवरून नोव्हेंबरात लंडनला निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन हे नाव जगभर झाले. सुंडीच्या वाड्यात आज हॉटेल आहे, आणि ग्रहणाची आठवण सांगणारा फलक तेथे लावलेला आहे.