खड्यांतून तांदूळ वेचणारी किडनी

किडनी म्हणजे शरीराची गाळणी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. उपमा खोटी नाही, अर्धीच आहे. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो आणि हवा तो चहा खाली उतरतो. किडनीत रक्तपेशी आणि प्रथिनं वर राहतात. पाणी, मीठ, साखर, युरिया असं बारीकसारीक सगळं मात्र हवं-नको न बघता खाली जातं. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन नावाचे सूक्ष्म घटक असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं पाणी आणि त्याबरोबरचं जवळजवळ दीड किलो मीठ पुढची बारीक नलिका रक्तात परत ओढून घेते. गाळणं हा या कामाचा सोपा भाग. कसब आहे ते परत घेण्यात.

हा केवळ तर्क नाही. १९२४ साली अमेरिकेत वेर्न आणि रिचर्ड्स या संशोधकांनी बेडकाच्या किडनीतल्या त्या गुंत्याजवळून केसाएवढ्या काचनळीने थेंबभर द्रव काढला. त्यात साखर सापडली; त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत ती नव्हती. म्हणजे साखर गळते आणि वाटेत परत उचलली जाते.

कुणी म्हणेल, हा द्राविडी प्राणायाम कशाला? नको तेवढंच वेचून टाकावं! किडनीला लागणारा बहुतेक प्राणवायू या परत ओढण्यातच खर्च होतो, तेव्हा शंका रास्त आहे. पण खडे वेचायचे तर प्रत्येक खडा ओळखता यायला हवा, आणि उद्या पोटात काय जाईल हे कुणाला ठाऊक? त्यापेक्षा ओळखीचे तांदूळ तेवढे वेचून घ्यावेत. अनोळखी ते आपोआप वाहून जातं. अर्थात किडनी काही खडेही वेचते. पेनिसिलिन ती रक्तातून मुद्दाम नलिकेत ढकलते, म्हणूनच सुरुवातीच्या टंचाईच्या काळात ते रुग्णांच्या लघवीतून परत मिळवावं लागलं. पण ही जोडीची सोय आहे, मुख्य रीत नव्हे.

वेचणाऱ्या हातांनाही मर्यादा असते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ते अपुरे पडतात आणि साखर लघवीत उतरते. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर साखर उचलणारे हेच हात मुद्दाम धरून ठेवतात.