स्वादुपिंडाचा कारभार
जठरामागे आडवे पसरलेले स्वादुपिंड पाचकरस निर्माण करते हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यातच विखुरलेले, पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली प्रथम वर्णिलेले सूक्ष्म पेशीपुंज रक्तातील साखर आटोक्यात ठेवणारे इन्सुलिन थेट रक्तात सोडतात, आणि हा स्राव हाती लागावयास १९२१ साल उजाडावे लागले. टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी तो मिळविला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलास दिलेली पहिली मात्रा अशुद्धतेमुळे निष्फळ ठरली, मात्र बँटिंग-बेस्ट यांचा सहकारी कॉलिप याने शुद्ध केलेल्या अर्काने त्याची साखर उतरली.

मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, दुसऱ्यात ते असूनही शरीर त्यास पुरेशी दाद देत नाही. म्हणून दोहोंचे उपचारही भिन्न. उपचार कितपत लागू पडला, हे रक्ततपासणीतून कळते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्यांतील हिमोग्लोबिनास चिकटलेली साखर मागील दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च मांडते, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी श्रीखंड वर्ज्य करून दाखविलेला संयम (तो आपल्याकडे फार लोकप्रिय आहे) त्या दफ्तरी रुजू होत नाही. औषध घेऊन जेवण टाळल्यास उलट साखर घसरून घाम, कंप व भ्रम उद्भवतो. रोगी शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखरपाणी द्यावे.