वळवाचा पाऊस व ओढ्यांचे पूर

चैत्र-वैशाखाच्या उन्हाने तापलेल्या भूमीवर दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह जो पाऊस कोसळतो, त्यास वळीव म्हणतात. मोसमी पावसाप्रमाणे तो सर्वत्र सारखा पडत नाही. एका शिवारात तो बांध फोडतो, तर शेजारच्या गावी धूळही भिजत नाही. त्याचा काळ थोडा, परंतु हानी करण्याची शक्ती मोठी असते; म्हणून त्याची रीत जाणून घेणे हिताचे आहे.

वळीव कसा तयार होतो : तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते. त्या वेळी समुद्राकडून पुरेसे बाष्प आलेले असेल, तर ते उंचावर थंड होऊन त्याचे जलकण बनतात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते व हवा अधिक जोराने वर जाते. अशा रीतीने ढग १० ते १५ किलोमीटर उंचीपर्यंत वाढतो. त्यातील हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विजेचा भार साचतो. पावसाबरोबर थंड हवा वेगाने खाली येते; पावसाआधी सुटणारा सोसाट्याचा वारा तो हाच.

ओढ्यास पूर का येतो : एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. १०० हेक्टरांच्या पाणलोटावर ४० मिलिमीटर पाऊस झाल्यास ते पाणी ४ कोटी लिटर भरेल. उन्हाळ्यात माळावर गवताचे आच्छादन नसते आणि टपोऱ्या थेंबांच्या माऱ्याने मातीची छिद्रे बुजतात. यातील निम्मे पाणी जरी वाहून आले, तरी तासाभरात २ कोटी लिटर पाणी ओढ्यात उतरते. पाऊस वरच्या डोंगरावर पडला असेल, तर खाली ऊन असतानाही कोरड्या पात्रात लोंढा येऊ शकतो.

घ्यावयाची काळजी : वरच्या बाजूस ढग काळवंडताच नदीपात्रातील कलिंगड-काकडीच्या वाड्यांतील माणसे व जनावरे काठावर आणावीत. पात्रात पंप किंवा बैलगाडी ठेवू नये. पाणी वाहत असलेला फरशी पूल ओलांडू नये. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचा पाय टिकू देत नाही. शेताच्या बांधांच्या सांडी व गावातील मोऱ्या मे महिन्यापूर्वीच साफ कराव्यात.

वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरांच्या आत आहे असे समजावे व पक्क्या घरात जावे. एकट्या झाडाखाली थांबू नये, जनावरे बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विजेचा भार राहत नाही. त्यास निःशंकपणे हात लावावा, श्वास बंद असल्यास छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

काढलेला कांदा व वाळत घातलेली हळद उघड्यावर ठेवू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत झालेल्या गारपिटीने राज्यातील रब्बी पिकांचे व फळबागांचे अतोनात नुकसान झाले, हे विसरू नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी हवामान विभागाचे पिवळे, नारिंगी व लाल इशारे रोज पाहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. विजेच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप उपयोगी पडते. वरच्या गावाने खालच्या गावास दूरध्वनीवरून कळविण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी. लोंढा पोहोचण्यापूर्वीची ती थोडकी मिनिटेच जीव वाचवितात.

वळवाच्या ओलाव्याचा मशागतीसाठी अवश्य लाभ घ्यावा. परंतु त्यावर विसंबून पेरणी करू नये. मोसमी पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावर व जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावरच चाड्यावर मूठ धरावी.