बिदागी की गाडीभाडे?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालेल्या रस्त्यावर आमचे नेरे. शांतिवनामुळे गावाचे नाव बाहेर ठाऊक आहे. आमच्या गायन पार्टीचे नाव मात्र आसपासच्या आठ-दहा वस्त्यांपलीकडे गेलेले नाही. पार्टीत सात जण. पेटीवाला रिक्षा चालवतो, ढोलकीवाला तळोज्याच्या कारखान्यात पाळीने जातो, दोघी भगिनी पनवेलला सोसायट्यांत धुणीभांडी करतात. आम्ही स्वतः कारकून. गळा बेताचा, म्हणून झील ओढतो आणि हिशेबाची वही सांभाळतो. तालीम विहारात, रात्री साडेनऊनंतर, म्हणजे सगळ्यांची जेवणे उरकल्यावर.

गेल्या वर्षी या वहीवरूनच वाद पेटला.

आमचा शिरस्ता असा की, बोलावणे आले की जायचे. यजमानाने गाडीभाडे आणि चहा दिला की झाले. बिदागी घ्यायची नाही. ढोलकीवाला एके रात्री म्हणाला, “दादा, मंडपवाला रोख घेतो, डीजेवाला आगाऊ घेतो, फोटोवाला सुद्धा सोडत नाही. समाजसेवा काय ती गाणाऱ्यानेच करायची? माझा एक खाडा पडतो, त्याचे काय?” आम्ही तेव्हा त्याला चळवळीचा इतिहास ऐकवला. इतिहास खरा होता, पण त्याच्या खाड्याचे उत्तर त्यात नव्हते. हे आज कबूल करतो.

काय ऐकवले ते सांगतो. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे गावोगाव नेले. साचा तमाशाचाच, पण गणपतीच्या गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले, आणि वगातून मेलेली ढोरे ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हा निरोप गेला. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही तो कळला. कर्डकांनी १९७८ साली या जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून आपल्याला एवढे तरी माहीत आहे. वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे, मुंबईत अंगमेहनत करणारे. कोणी पत्र वाचायला दिले आणि वाचता आले नाही, त्या शरमेने मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ साली पहिले गाणे रचले आणि १५ मे २००४ला जाईपर्यंत गात राहिले. विठ्ठल उमप तर २६ नोव्हेंबर २०१०ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले.

ढोलकीवाल्याने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, “वामनदादांच्या घरात शेवटी काय उरलं होतं, तेही सांगा ना.” आम्ही गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतून जलदान विधीचे बोलावणे आले. घरातला कर्ता मुलगा गेलेला. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, त्रिशरण-पंचशील झाले, लोक उठू लागले. १९५६नंतर आपण जुने विधी सोडले ते योग्यच केले. पण दुःखाच्या घरातली रात्र लांब असते, ती कशी काढायची हा प्रश्न राहतोच. तिथे पेटी-ढोलकी लागते. आम्ही बसलो. आधी बुद्धगीते, मग रमाईंची. त्यानंतर आमच्यातल्या एकाने रचलेले, पनवेलच्या सोनबा येलवेंचे. बाबासाहेब पुन्हा येतील म्हणून पाणी घेऊन वाट पाहत राहिलेला हा माणूस जुन्या माणसांच्या तोंडून आमच्याकडे आला. त्या गाण्याला त्या आईने पहिल्यांदा मान वर केली. तीन दिवस रडली नव्हती, असे मागाहून कळले. त्या रात्री रडली.

पहाटे निघताना तिने पदराची गाठ सोडून पन्नासाची नोट काढली. कोणी हात पुढे करेना. शेवटी ढोलकीवाल्यानेच ती घेतली, आमच्याकडे दिली आणि म्हणाला, “भाडं म्हणून लिहा.” नको म्हटले असते तर तिला वाईट वाटले असते. आम्हांला हे सुचले नव्हते, त्याला सुचले.

मग विहारात पुन्हा बैठक झाली. तीन तास चालली, दोनदा कोणीतरी उठून गेले. शेवटी ठरले की दुःखाच्या घरी, नामकरणाला, गृहप्रवेशाला भाड्यापलीकडे काही मागायचे नाही. पण आमच्याकडे मुंबईकर मंडळी आल्यावर मे महिन्यात संयुक्त जयंती होते; तिथे जी मंडळे डीजेला हजारो मोजतात त्यांनी आम्हांला बिदागी द्यावी आणि तोंडावर ठरवून द्यावी. त्यातून आधी ढोलकीवाल्याचा आणि धुणीभांडी करणाऱ्या भगिनींचा खाडा भरायचा. कारकुनाचा नाही, आम्हांला रजेचा पगार मिळतो.

एका मंडळाने लगेच आमचे नाव पत्रिकेतून काढले. दुसऱ्याने दिली, पण कार्यक्रम डीजे थांबल्यावर, रात्री बारानंतर लावला. समोर म्हाताऱ्या मावश्या आणि पेंगुळलेली पोरे एवढेच उरले होते. तरी दोन तास गायलो. एक मावशी म्हणाली, “कॅसेट होत्या तवा लई ऐकलं, पण समोर बसून ऐकायचं येगळंच.”

त्या बिदागीतून खाडे भरून जे उरले त्यात ढोलकीला नवे पान घातले. वहीत तशी नोंद आहे. पन्नासाची नोटही वहीतच आहे. भाडे म्हणून लिहिली, पण खर्चाला काढायला अजून कोणी सांगितलेले नाही.