पाणथळ जागा पुन्हा जिवंत होते ती कशी?

‘दलदल’ हा शब्द आपल्या तोंडी बहुधा वाईट अर्थानेच येतो. चिखल, डास आणि दुर्गंधी, म्हणजेच भराव टाकून सपाट करण्याची जागा, अशी आपली समजूत. या समजुतीची किंमत आपल्या उपनगरांनी २६ जुलै २००५ रोजी मोजली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी तेव्हा कुर्ल्याच्या एका शाखेत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. रात्र वरच्या मजल्यावर काढली. पुढे कित्येक दिवस आम्ही भिजलेली व्हाउचरे पंख्याखाली वाळवत होतो. आमचे कागद वाळले. मिठीकाठच्या अनेक खातेदारांचे मात्र संसार वाहून गेले होते.

पाऊस अफाट होता हे खरे. परंतु पाणी तुंबले का, हेही समजून घेतले पाहिजे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी नदी सुरू होते आणि सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. मुंबईला नळाचे पहिले पाणी देणारा विहार तलाव १८६० च्या सुमारास याच नदीवर बांधला गेला. नदीच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही काठांना खाजण होते. भरतीचे पाणी त्यात पसरे व ओहोटीला परत जाई. पुरालाही तीच जागा मिळे. १९७७ नंतर या सखल भागातील सुमारे ३७० हेक्टर क्षेत्रावर वांद्रे-कुर्ला संकुलाची आखणी झाली. भराव पडला, पात्र आवळले गेले. काठावर गोदामे आली आणि ज्यांना शहरात दुसरीकडे थारा मिळाला नाही त्यांच्या वस्त्याही आल्या. त्यामुळे पूर आला की पहिला फटका त्यांनाच बसतो.

आज आपण नाशिक जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणेपासून पिण्याचे पाणी आणतो आणि दारातली नदी मात्र गटार म्हणून वापरतो. उन्हाळ्यात पाणीकपात आणि पावसाळ्यात पूर, असा हा उफराटा हिशेब आहे.

मग गेलेली पाणथळ जागा परत आणता येते काय? याचे मोठे उदाहरण इराकमध्ये आहे. टायग्रिस व युफ्रेटिस नद्यांच्या खालच्या भागात, वाळवंटी मुलखात, बोरूच्या विस्तीर्ण दलदली होत्या. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने बांध व कालवे काढून त्या कोरड्या केल्या. सुमारे नऊदशांश भाग नष्ट झाला आणि तेथील मार्श अरब लोक देशोधडीला लागले. २००३ साली राजवट कोसळताच लोकांनी स्वतः बांध फोडले. पाणी आले, बोरू उगवला, मासे व पक्षी परतले. काही वर्षांत निम्म्याच्या आसपास क्षेत्र पुन्हा पाण्याखाली आले. २०१६ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला. परंतु वरच्या बाजूची धरणे आणि वारंवारचे दुष्काळ यांमुळे नद्यांचे पाणी घटले, तेव्हा त्यातील बराच भाग पुन्हा सुकला. म्हणजे बांध फोडणे ही सुरुवात झाली. पाण्याचा वाटा मिळत राहिला तरच जागा जगते.

आपल्या खाडीलाही हाच नियम लागू आहे. तिवराची श्वासमुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि हवा घेतात. बांध घालून पाणी कोंडले तर ती गुदमरतात. भरती बंद केली तर जमीन सुकून तिच्यात मीठ साठते. दोन्ही प्रकारे कुऱ्हाड न लावता झाड मरते. म्हणून नुसती रोपे लावून फोटो काढल्याने काम होत नाही. आधी राडारोडा उचलावा, बांध मोकळा करावा, भरती-ओहोटी चालू करावी. अशा ठिकाणी पुष्कळदा बिया पाण्याबरोबर येऊन आपोआप रुजतात.

आशेला जागा आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड व त्यांवरील भराव यांस मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की झाली. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. घाटकोपर, मुलुंडच्या वाचकांना हे सारे घराजवळ आहे.

मिठीची गोष्ट मात्र अवघड आहे. पुरानंतर पात्र रुंद व खोल करण्यात आले, काठांना भिंती बांधण्यात आल्या. भिंतीने पाणी लवकर निघते, पण नदी आणि तिचा काठ यांची ताटातूट होते. उरलेले खाजण राखणे, सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे आणि काठच्या रहिवाशांना जवळपास पक्के घर दिल्यावरच त्यांची जागा मोकळी करणे, हा क्रम पाळला पाहिजे. नदीला जागा देताना माणूस बेघर झाला तर ते पुनरुज्जीवन कसले?

विद्यार्थी मित्रांनी एकदा भरतीच्या व एकदा ओहोटीच्या वेळी खाडीकाठी जाऊन पाहावे. पाणी कोठवर येते व कोठे अडते, एवढे टिपून ठेवले तरी अभ्यासाची सुरुवात होईल. आणि आपल्या सभासदांनी घराच्या दुरुस्तीचा राडारोडा कोठे जातो, हे कंत्राटदाराला एकदा अवश्य विचारावे.