ऐकूं येतें, पण समजत नाहीं

मोठ्या कुटुंबांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाविषयीं पुढील उद्गार हटकून ऐकूं येतो : 'त्यांच्या सोयीचें तेवढें त्यांना बरोबर ऐकूं येतें.' मुलाची हाक पोंचते, सुनेचा प्रश्न पोंचत नाहीं. रस्त्यावरील मोटारीचा आवाज कळतो, नातवाची गोष्ट मात्र कानांवरून जाते. यावरून घरचे लोक असा निष्कर्ष काढतात कीं, दोष कानाचा नसून मनाचा आहे. तो वृद्ध बिचारा 'मला ऐकूं येतें, पण समजत नाहीं' एवढेंच सांगतो, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हें वाक्य अक्षरशः खरें असूं शकतें. इतकेंच नव्हे, तर त्याचा पुरावा एका कागदावर आंखून दाखवितां येतो. त्या कागदाची, आणि त्यावरून कानांत विद्युत्‌यंत्र बसविण्याचा निर्णय कसा घेतात याची, ओळख करून देणें हा या लेखाचा हेतु आहे.

त्या कागदास ऑडिओग्राम म्हणतात. आपण त्यास श्रवणालेख म्हणूं. त्याची आडवी रेघ स्वराची उंची दाखविते : डावीकडे २५० हर्ट्झचा खर्ज, उजवीकडे ८,००० हर्ट्झची तीव्र शीळ. उभी रेघ आवाजाचा जोर डेसिबेलांत दाखविते. शून्य वर, आणि खालीं उतरावें तों तों मोठा आवाज. जो आवाज जेमतेम ऐकूं येतो त्या ठिकाणीं खूण करितात, आणि सर्व खुणा जोडल्या म्हणजे त्या कानाची प्रकृति डोळ्यांपुढें उभी राहते. रेघ जितकी खालीं, तितकें ऐकणें उणें. येथें एक गणित ध्यानांत ठेविलें पाहिजे. दर १० डेसिबेलांस ध्वनीची शक्ति दहापट होते. म्हणून ३० आणि ६० यांतील अंतर दुपटीचें नसून हजारपटीचें आहे. कुजबूज सुमारें ३० डेसिबेलांची, नेहमींचें बोलणें सुमारें ६० चें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणाप्रमाणें २० डेसिबेलांच्या आंत ऐकूं आलें तर कान निरोगी. ६५ ते ८० हें तीव्र, आणि ८० ते ९५ हें अतितीव्र श्रवणदौर्बल्य समजतात.

आतां मूळ तक्रारीकडे वळूं. वृद्धांचा श्रवणालेख बहुधा सपाट नसतो; तो डोंगराच्या उतारासारखा असतो. डावीकडे, म्हणजे खर्जाकडे, रेघ बरीच वर. उजवीकडे ती एकाएकीं दरींत कोसळलेली. याचा परिणाम व्याकरण शिकलेल्या वाचकांस चटकन् उमजेल. स्वर तो, जो दुसऱ्याच्या आधारावांचून उच्चारितां येतो. व्यंजनास स्वराचा आधार लागतो. ध्वनिशास्त्रही तेंच सांगतें. स्वरांचा मुख्य जोर १,००० हर्ट्झच्या खालीं असतो व ते दणकट असतात. उलट 'स' हा ऊष्मवर्ण मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर राहतो आणि अत्यंत दुबळा असतो. परंतु व्यंजन या शब्दाचा मूळ अर्थच 'प्रकट करणारें' असा आहे; शब्दाचा अर्थ बव्हंशीं तेंच प्रकट करितें. 'ताप', 'साप', 'काप', 'थाप' या चार शब्दांतील पहिलें व्यंजन गाळलें तर उरतें काय? चारही ठिकाणीं एकच 'आप'. उताराच्या कानास बोलणें येतें तें असें : आवाज आला, कोणी तरी बोललें हेंही कळलें, पण ताप आला कीं साप आला हें कळलें नाहीं! मुलाचा जाड आवाज पोंचतो, आणि सुनेचा किंवा नातवंडाचा कोवळा, उंच आवाज पोंचत नाहीं, याचें कारणही याच उतारांत आहे. त्यांत पक्षपात नाहीं.

असा उतार बेताचा असेल तोंवर कानाच्या मशीननें, म्हणजे श्रवणयंत्रानें, काम भागतें. तें यंत्र आवाज मोठा करितें. पण आवाज मोठा करून उपयोग केव्हां? तो घेणारें कोणी शिल्लक असेल तेव्हां. अंतःकर्णांत शंखाप्रमाणें अडीच वेढ्यांची एक नळी आहे. तिच्यांत ध्वनि ग्रहण करणाऱ्या सुमारें ३,५०० सूक्ष्म केशपेशी असतात. शंखाच्या मुखाशीं असलेल्या पेशी तीव्र स्वर घेतात, टोंकाकडील खर्ज घेतात. त्या एकदां मेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत, आणि मेलेल्या पेशीपुढें ओरडणें म्हणजे उंबरठ्यावर उभें राहून रिकाम्या घरास हाक मारणें होय.

अशा वेळीं कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो. कानामागील यंत्र ध्वनि टिपून त्याचे संकेत बनवितें. कातडीखालीं बसविलेला भाग ते घेतो. आणि शंखांत सरकविलेल्या बारीक तारेवरील १२ ते २२ विद्युद्‌बिंदु मेलेल्या पेशींस वगळून थेट श्रवणतंतूस चेतवितात. पॅरिस येथें १९५७ सालीं जूर्नो व एरिएस यांनीं श्रवणतंतूस विजेनें चेतविण्याचा पहिला प्रयोग केला. लॉस एंजलिस येथें विल्यम हाउस यांनीं १९६१ पासून प्रयत्न चालविले. आणि मेलबर्न येथें ग्रेअम क्लार्क यांनीं १९७८ सालीं अनेक बिंदूंचें यंत्र प्रौढ रोग्यास बसविलें. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते असून त्यांस कमी ऐकूं येई. दुकानांत गिऱ्हाइकांपुढें होणारी त्यांची कुचंबणा मुलानें पाहिली होती.

आरंभीं हें यंत्र केवळ ठार बहिऱ्या माणसांसाठीं होतें. त्यांचा श्रवणालेख म्हणजे कागदाच्या तळाशीं कोपऱ्यांत पडलेल्या दोनचार खुणा. आज तपासणीस येणाऱ्या प्रौढांचे आलेख तऱ्हेतऱ्हेचे असतात. कोणाची रेघ दोन्ही कानांत तळाशीं सपाट. कोणाचा खर्ज शाबूत व तीव्र स्वर नष्ट. कोणाचा एक कान मृत व दुसरा चांगला. खर्ज टिकलेल्यांसाठीं उरलेलें नैसर्गिक ऐकणें व वीज यांची सांगड घालणारें यंत्र अमेरिकेंत २०१४ सालीं संमत झालें, आणि एकाच कानानें बहिऱ्या असलेल्यांसाठीं २०१९ सालीं संमति मिळाली.

तथापि केवळ रेघ पाहून निकाल देत नाहींत, आणि जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या आम्हांस ही गोष्ट विशेष आवडली. रोग्यास उत्तम जुळविलेलीं श्रवणयंत्रें लावून निःशब्द खोलींत बसवितात व शब्द ऐकवून त्याची परीक्षा घेतात. वाक्य ऐकविलें तर चतुर माणूस संदर्भानें गाळलेल्या जागा भरतो; सुटा शब्द ऐकविला म्हणजे तर्काचा आधार तुटतो. इंग्लंडमध्यें तर शब्दास एक गुण नसून त्यांतील प्रत्येक वर्णास एक गुण आहे. तेथील नाइस या संस्थेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणें ५०० ते ४,००० हर्ट्झपर्यंतच्या पांच ठिकाणांपैकीं निदान दोन ठिकाणीं, दोन्ही कानांत, ८० डेसिबेल किंवा त्याहून मोठाच आवाज ऐकूं येत असला आणि श्रवणयंत्र लावूनही वर्णांचे गुण शेंकडा ५० च्या खालीं असले, तर तो प्रौढ पात्र ठरतो. २००९ च्या नियमांत ही मर्यादा ९० डेसिबेलांची होती. अमेरिकेंतील मेडिकेअर योजनेनेंही २०२२ सालीं वाक्यपरीक्षेची मर्यादा शेंकडा ४० वरून ६० वर नेली. म्हणजे पूर्वीं ज्यांस 'तुम्हांला पुरेसें ऐकूं येतें' म्हणून परत पाठवीत, त्यांपैकीं पुष्कळांस आज दार उघडें आहे.

तपासणीस केव्हां जावें याचें एक सोपें सूत्र मिशिगन विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं २०२० सालीं मांडलें. त्यांतल्या त्यांत बऱ्या कानाची सरासरी ६० डेसिबेल किंवा त्याहून वाईट, आणि त्याच कानाचे शब्दपरीक्षेचे गुण शेंकडा ६० किंवा त्याहून कमी, असें असल्यास त्या माणसास इम्प्लांटच्या तपासणीसाठीं पाठवावें. हें शस्त्रक्रियेचें फर्मान नव्हे, केवळ दार ठोठावण्याची वेळ सांगणारें सूत्र होय. आपल्या घरांतील कपाटांत पडलेला जुना अहवाल काढून हे दोन आंकडे पाहणें कोणासही शक्य आहे.

कांहीं गोष्टी मात्र आलेखांत दिसत नाहींत. बहिरेपण भाषा येण्यापूर्वींचें कीं नंतरचें, आणि किती वर्षांचें, हा प्रश्न महत्त्वाचा. कारण ज्या कानानें पूर्वीं भाषा ऐकली आहे त्याच्या मेंदूंत तिच्या आठवणी असतात, आणि फार वर्षें शब्दावांचून गेलीं म्हणजे तो मार्ग ओसाड होऊं लागतो. श्रवणतंतु शाबूत आहे कीं नाहीं हें एमआरआयवरून पाहतात. मेंदूज्वरानें बहिरेपण आलें असेल तर शंखांत हाड भरूं लागतें व विलंब चालत नाहीं. केवळ वय झालें म्हणून कोणी अपात्र ठरत नाहीं. भूल सोसण्याजोगी प्रकृति असावी लागते.

या यंत्राचे उणेपणही सांगितले पाहिजेत. ३,५०० पेशींचें काम बावीस बिंदूंकडून करवून घ्यावयाचें. तेव्हां आरंभीं आवाज यांत्रिक व चमत्कारिक वाटतो, आणि शब्द ओळखूं येण्यास कित्येक महिन्यांचा अभ्यास लागतो. संगीताचा आस्वाद बहुधा पहिल्यासारखा येत नाहीं, गर्दींत ऐकणें कठीणच राहतें, आणि शस्त्रक्रियेंत उरलेंसुरलें नैसर्गिक ऐकणें जाण्याचा संभव असतो. खर्च लाखांच्या घरांत जातो. केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेंतील इम्प्लांटचें साहाय्य लहान मुलांसाठीं आहे. प्रौढांचा भार बव्हंशीं कुटुंबावरच पडतो. म्हणूनच हा निर्णय घाईनें नव्हे, पण माहितीनें घ्यावा. मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था व म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था या ठिकाणीं श्रवणाची रीतसर तपासणी होते.

प्रत्येक वृद्धास इम्प्लांट लागेल असें नाहीं; बहुतेकांस लागणारही नाहीं. परंतु परीक्षा न घेतां नापास करण्याचा अन्याय आपल्या घरांत तरी होऊं नये. वडीलधाऱ्या माणसाशीं बोलणें हळूहळू कामापुरतें उरतें, पुढें तेंही खुणांवर येतें, आणि भरल्या घरांत तो एकटा पडतो. तपासणीची तारीख ठरेपर्यंतही बरेंच करतां येईल : समोर येऊन, उजेडांत, तोंड दिसेल असें, न ओरडतां व सावकाश बोलावें, कळलें नाहीं तर तेंच वाक्य पुन्हां न म्हणतां शब्द बदलून सांगावें. 'कांहीं नाहीं, जाऊं द्या' हे शब्द मात्र कटाक्षानें टाळावे. कारण व्यंजनें गळालीं तरी या वाक्यांतील उपेक्षा त्यांस अचूक ऐकूं येते.