लाखभराचा रोबो झाडू: घेण्याआधी उंबरठा मोजा, कॅमेऱ्याचं विचारा

अम्मीचे गुडघे दुखतात. झाडू-पोच्याला येणारी बाई महिन्यातून चार दिवस दांडी मारते. सून नोकरीला जाते. अशा घरात कुणीतरी एक दिवस मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं: एक गोल डबा घरभर आपोआप फिरतोय, धूळ ओढतोय, लादी पुसतोय आणि काम संपलं की कोपऱ्यातल्या आपल्या स्टँडवर जाऊन स्वतःचं फडकंही धुतोय. किंमत विचारली तर पन्नास हजारांपासून पार लाखाच्या वर. आखातात नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "मी घेऊन येतो." मग घरात दोन तट पडतात. एकाला ती फालतू उधळपट्टी वाटते, दुसऱ्याला वाटतं आता घरकामाची कटकट कायमची गेली. हे यंत्र आपल्या घरात खरोखर चालेल का, हे मात्र बहुतेक वेळा कुणी तपासत नाही.

यंत्र नवीन नाही. युरोपात इलेक्ट्रोलक्स कंपनीने २००१ मध्ये असा झाडू विकायला काढला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या आयरोबोटचा 'रुम्बा' आला. ती जुनी यंत्रं आंधळी होती. भिंतीला आपटायचं, वळायचं, पुन्हा आपटायचं. आजच्या महागड्या यंत्रावर फिरणारा लेसर असतो. तो खोलीचा नकाशा काढतो आणि यंत्र शेतात नांगर धरावा तशा सरळ रेघा मारत जातं. मोबाईलवरच्या नकाशात "या खोलीत जाऊ नको" अशी रेघ ओढता येते. पैसे मोजावेत अशी पहिली गोष्ट हीच. दुसरी म्हणजे स्टँड, ज्याला कंपन्या डॉक म्हणतात. तो यंत्रातली धूळ मोठ्या पिशवीत ओढून घेतो, पोचा गरम पाण्याने धुतो आणि गरम हवेने वाळवतो. ओला पोचा वाळला नाही की दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास सुटतो, म्हणून वाळवण्याची सोय नसलेला स्टँड घेऊच नये.

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते ओढण्याच्या ताकदीचं माप, पास्कल. दहा हजार, वीस हजार, दरवर्षी आकडा वाढतोच आहे. या आकड्याला फार भुलू नका. जाड गालिच्यात रुतलेली धूळ काढायला ताकद लागते. आपल्याकडे बहुतेक घरांत लादी, मोझॅक किंवा शहाबादी फरशी असते. गुळगुळीत लादीवरची धूळ उचलायला चार-पाच हजार पास्कलसुद्धा पुरतात. तिथे ताकदीपेक्षा ब्रश कसा आहे आणि कडेची धूळ आत लोटणारा छोटा झाडू कोपऱ्यापर्यंत पोचतो का, हे जास्त महत्त्वाचं. गोल यंत्र चौकोनी कोपऱ्यात जात नाही, ही साधी भूमिती आहे. काही महाग यंत्रांत ब्रश आणि पोचा बाजूला बाहेर सरकतात. त्याचा खरोखर फरक पडतो.

आपल्याकडे खरा कस लागतो तो पोच्याचा. पोच्याचे प्रकार साधारण तीन. स्वस्त यंत्रात मागे ओलं फडकं बांधलेलं असतं, ते नुसतं ओढत नेलं जातं. धूळ पुसली जाते, चहाचा वाळलेला डाग निघत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन गोल पोचे दाब देऊन गरगर फिरतात. रोजच्या पायांच्या ठशांना हे चांगलं. तिसरा प्रकार रूळासारखा: पोचा फिरता फिरताच स्वच्छ पाण्याने धुतला जातो आणि घाण पाणी वेगळ्या टाकीत जातं. हा सगळ्यात महाग, आणि माझ्या मते आपल्या घरांसाठी सगळ्यात बरोबर. कारण पहिल्या दोन प्रकारांत यंत्र फार तर मधूनमधून स्टँडवर जाऊन पोचा धुतं, पण तोवर तेच मळलेलं फडकं पुढच्या लादीवर फिरत असतं.

इथे आपल्या घरांचा एक खास प्रश्न येतो. आपण खाली बसतो, खाली दस्तरखान मांडतो, खालीच जानमाज अंथरतो. लहान मुलाने लादीवर लघवी केली, मांजराने घाण केली, आणि त्याच वेळी यंत्र निघालं तर ते ती घाण साऱ्या घरभर पसरवून येईल आणि वर मोबाईलवर "सफाई पूर्ण" असा मेसेजही पाठवेल. समोरची वस्तू ओळखणारा कॅमेरा असलेली यंत्रं घट्ट घाण टाळण्याचा प्रयत्न करतात. लादीवरचं पातळ, पारदर्शक पाणी त्यांना दर वेळी कळेल याची खात्री धरू नये. साफ असणं वेगळं आणि पाक असणं वेगळं, हे घरातल्या प्रत्येकीला माहीत आहे. यंत्राला ते माहीत नाही. म्हणून लहान बाळ असलेल्या घरात यंत्र ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होईल असं लावून ठेवू नका. आधी लादीवर नजर टाकायची, ओलं असेल ते हाताने धुऊन पुसून घ्यायचं, मग बटण दाबायचं. पोचाच नापाक झाला तर काय, हा मसला आपल्या आलिमांना विचारावा. निदान पोचा काढून हाताने धुता येतो का, आणि जास्तीचे पोचे बाजारात मिळतात का, हे घेतानाच पाहून ठेवा.

खरकट्याचंही तेच. बिर्याणीचा भात, रस्सा लागलेली हाडं, खजुराची बी हे सगळं दस्तरखानासोबत उचलून घ्या. झाडूचा भाग कोरड्या कचऱ्यासाठी असतो. ओला भात आत गेला की ब्रशला चिकटतो, धुळीच्या पिशवीत सडतो आणि वास सुटतो. जानमाज आणि सतरंजीची झालर ब्रशमध्ये गुंडाळली जाते. तसबीह, मोबाईलची चार्जरची वायर, मुलींच्या ओढणीचं लोंबणारं टोक यांचीही तीच गत. यंत्र सुरू करण्याआधी पाच मिनिटं खालचं सामान उचलावं लागतं. "काहीच करावं लागत नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता मोजपट्टी घ्या. हे सांगायला कुणी दुकानदार तुमच्या घरी येणार नाही.

यंत्राची उंची बहुधा दहा सेंटीमीटरच्या आसपास असते. पलंगाखाली, सोफ्याखाली तेवढी जागा आहे का? आपल्याकडे बऱ्याच घरांत सामान ठेवण्याचे बंद पेटीवाले पलंग आणि दिवाण असतात. त्यांच्याखाली कुणीच जात नाही, मग यंत्राचा मोठा फायदा तिथेच संपतो. दुसरं माप उंबरठ्याचं. साधी यंत्रं साधारण दोन सेंटीमीटरची पायरी चढतात. अलीकडची काही महाग यंत्रं पाय उचलून चार सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त चढतात. पण कोकणातल्या जुन्या घराचा लाकडी उंबरठा, किंवा किचन आणि हॉलमधली कडप्प्याची उंच पट्टी, तिथे यंत्र अडतंच. मग रोज उचलून या खोलीतून त्या खोलीत ठेवायचं. ज्या अम्मीच्या गुडघ्यांसाठी ते आणलं, तिलाच ते उचलायला लावणार का?

काळ्या रंगाचीही एक गंमत आहे. यंत्र जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाखाली सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात आणि परत आला नाही तर पुढे खड्डा आहे असं समजतात. काळी लादी किंवा काळा गालिचा किरण गिळून टाकतो. त्यामुळे काही यंत्रं काळ्या पट्ट्याजवळ येऊन थबकतात. घरात काळ्या ग्रॅनाइटची किनार असेल तर हे आधी विचारून घ्या. जमिनीपर्यंत आलेला मोठा आरसाही लेसरला फसवतो, नकाशात नसलेली खोली उगवते.

स्टँडला भिंतीजवळ कायमची जागा, थ्री-पिन सॉकेट आणि समोर साधारण मीटरभर मोकळी वाट लागते. मुंब्र्यातल्या किंवा भिवंडीतल्या वन-रूम-किचनमध्ये ही जागाच कुठून आणणार? चारशे चौरस फुटांचं घर दहा-पंधरा मिनिटांत हाताने झाडून-पुसून होतं. तिथे हा खर्च करू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. त्या पैशात उभ्याने वापरायचा चांगला पोचा, बसून काम करायला उंच स्टूल आणि अम्मीच्या गुडघ्यांचा इलाज, सगळं होऊन पैसे उरतील. कोंढव्यात किंवा मीरा रोडला दोन-तीन बेडरूमचा सपाट लादीचा फ्लॅट असेल, घरात गालिचे कमी असतील, दोघंही नोकरी करत असतील, तर विचार करायला हरकत नाही.

विजेची चिंता मात्र नको. बऱ्याच यंत्रांची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि ५,२०० मिलीअँपिअर-तासांची असते, म्हणजे एका पूर्ण चार्जला साधारण ७५ वॉट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, यावरून हिशेब करा. पाणी गरम करणं आणि पोचा वाळवणं यात जास्त वीज जाते, तरी बिल पाहून धक्का बसावा इतकी नाही. पाण्याचं पाहा. क्षार जास्त असलेलं बोअरचं पाणी पाणी तापवणाऱ्या स्टँडमध्ये पांढरा थर साठवतं. टाकीत फिनाइल किंवा ब्लीच ओतू नका. नळ्या खराब होतात, आणि मग वॉरंटीही नाकारली जाऊ शकते. घाण पाण्याची टाकी दोन-तीन दिवसांत हातानेच रिकामी करून धुवावी लागते. ते काम यंत्र करत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पर्दा पाळणाऱ्या घरात ही सगळ्यात मोठी बाब आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकाने उघड केलं की आयरोबोटच्या चाचणीतल्या यंत्रांनी घरांत टिपलेले फोटो इंटरनेटवरच्या गटांत फिरत होते. त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचाही फोटो होता. फोटोंतल्या वस्तूंना नावं देण्याचं काम ज्या कामगारांकडे दिलं होतं, त्यांच्याकडून ते बाहेर गेले. ती यंत्रं बाजारात विकली जाणारी नव्हती आणि चाचणीत भाग घेणाऱ्यांनी संमती दिली होती, असं कंपनीचं म्हणणं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांत इकोव्हॅक्सच्या यंत्रांचा ताबा हॅकरांनी घेतला आणि त्यांच्या स्पीकरमधून घरातल्या माणसांना शिव्या दिल्या. घरात डोकं उघडं ठेवून वावरणाऱ्या बायका-मुलींच्या मधून इंटरनेटला जोडलेला कॅमेरा फिरवायचा की नाही, हा निर्णय त्या बायकांना विचारूनच व्हायला हवा. विकत घेणारा मुलगा तो एकटा ठरवू शकत नाही.

चांगली बातमी ही की नकाशा काढायला कॅमेरा लागतोच असं नाही. फक्त लेसरवर चालणारी यंत्रं मिळतात. ती वायरीत थोडी जास्त अडकतील, पण फोटो काढणार नाहीत. दुकानात थेट विचारा: यात कॅमेरा आहे का, आणि माईक आहे का? कॅमेऱ्याचंच यंत्र आवडलं असेल तर ॲपमधली लांबून घर बघण्याची सोय बंद ठेवा, पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा, आणि "सुधारणेसाठी डेटा पाठवा" या चौकटीतली बरोबरची खूण काढून टाका.

आखातातून आणायचं असेल तर तीन गोष्टी. दुबईत घेतलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही, बिल करण्याआधी लेखी विचारा. चीनच्या बाजारासाठी बनवलेलं यंत्र स्वस्त मिळतं, पण ते अनेकदा तिथल्याच सर्व्हरला बांधलेलं असतं आणि इथे ॲपला जोडताना अडतं. तिसरं, आत लिथियम बॅटरी आहे. ती १०० वॉट-तासांच्या आत आहे का ते खोक्यावर बघा, यंत्र पूर्ण बंद करा आणि विमान कंपनीचा नियम वाचा. स्टँडसकट खोकं अवजड असतं, ते वेगळंच. व्होल्टेजची अडचण नाही, फक्त पिन बदलावी लागते.

इथे हप्त्यावर घेणाऱ्यांसाठी: "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे बिनव्याजी, असा समज आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच, तेवढी रक्कम दुकानदार किमतीतून आधी कमी करतो. कार्डाच्या बिलात व्याजाची ओळ दिसते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. सूद टाळायचं असेल तर ही ओळ डोळ्यांनी बघून मग ठरवा. रोखीने जमेल तेव्हाच घेणं बरं.

किमतीत वरचा खर्चही धरा. धुळीच्या पिशव्या, फिल्टर, ब्रश, पोचे हे सगळं वर्षभरात बदलावं लागतं. आपल्या पिन कोडला माणूस घरी येऊन दुरुस्त करतो की यंत्र कुरिअरने पाठवायचं, हे विचारा. पुणे-मुंबईत एक उत्तर मिळेल, मालेगाव-रत्नागिरीत दुसरं. कंपनी टिकेल का, हाही प्रश्न आहे. ज्या आयरोबोटने हे यंत्र घराघरांत पोचवलं, तिला विकत घेण्याचा ॲमेझॉनचा करार जानेवारी २०२४ मध्ये मोडला आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ॲपवर चालणारी वस्तू घेताना ॲप चालवणारं कुणी उरेल का, हे बघावं लागतं.

घेतलंच, तर माल परत करायची मुदत संपण्याआधी घरी परीक्षा घ्या. खोकं फाडू नका. पहिल्या दिवशी कोपऱ्यात चिमूटभर कोरडा रवा आणि थोडे लांब केस टाका. दुसऱ्या दिवशी किचनमध्ये चहाचे चार थेंब रात्रभर वाळू द्या आणि सकाळी पोचा फिरवा. मग पांढरा रुमाल ओला करून त्याच लादीवर घासा. रुमालावर काळपट डाग उठला तर पोचा कामाचा नाही. तिसऱ्या दिवशी सगळे दरवाजे उघडे ठेवून पूर्ण घर एकदा करायला लावा आणि कुठे कुठे अडकलं ते कागदावर लिहा. अम्मीला ॲप न उघडता फक्त यंत्रावरचं बटण दाबून ते चालवता येतं का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.